नऊ मोजले, दहा लिहिले

आमच्या आत्याला बसता येत नाही. पाठीचा वगैरे त्रास नाही, गुडघे तर माझ्याहून धडधाकट आहेत. पण खुर्चीला पाठ टेकली की दोन मिनिटांत ही उठलीच. गॅसचं बटण बघून येते. दाराची कडी बघून येते. दोरीवरचे चिमटे मोजते, चमचे मोजते, आणि मोजून झालं की 'बरोबर' असं मोठ्याने म्हणते. कोणाला म्हणते ते तिचं तिला ठाऊक. जेवण झाल्यावर मी वाटी उचलून मोरीकडे निघाले तरी तिची नजर माझ्या हाताबरोबर चालत येते.

चौतीस वर्षं ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. ओळखीतले लोक म्हणतात, कामाची सवय आहे, अशी थोडीच सुटते. मलाही तसंच वाटायचं. आता वाटत नाही, आणि ते का, हेच सांगायला बसलेय. सांगताना मध्येच आवाज चढला तर चालवून घ्या. मी तापट आहे, हे माझ्या तोंडावर सांगणारे कमी नाहीत.

मी अकरा वर्षांची असताना आई-बाबांचं काही केल्या पटेना. भांडी फेकण्यापर्यंत गेलं तेव्हा आत्या आली, माझं दप्तर आणि दोन फ्रॉक पिशवीत कोंबले आणि मला घेऊन गेली. चार दिवसांसाठी नेलं होतं, ती मी अजून तिथेच आहे. लग्न तिने केलं नाही, मीही केलं नाही. माझं किल्ल्या करण्याचं छोटं दुकान आहे. दिवसभर चाव्या कापायच्या, लोकांची अडकलेली कुलपं उघडून द्यायची. आणि संध्याकाळी गिटार वाजवायची. गिटार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे काही आलं असेल ते आधी पुसून टाका. मी डेथ मेटल वाजवते.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गिटारची सगळ्यांत जाड तार इतकी सैल करायची की ती वाजण्याऐवजी गुरगुरायला लागते. उजव्या हाताचा तळवा तारांवर दाबून ठेवायचा, म्हणजे आवाज निघाला की जागीच मरतो. अशा मेलेल्या आवाजांचा एक तुकडा बांधायचा, त्याला रिफ म्हणतात, आणि तो परत परत वाजवायचा, ऐकणाऱ्याच्या बरगड्यांत बसेपर्यंत. त्याच्यावर ड्रमवाला पायाने असा सुटतो की जिन्यावरून पोतं गडगडत यावं. आणि गाणारा गात नाही, पोटातून डरकाळी काढतो. शब्द असतात, नीट यमक जुळवून लिहिलेले असतात, पण ऐकणाऱ्याला त्यातला एकही कळत नाही. कळला तर तो बहुतेक आतड्यांबद्दल असतो.

आम्ही चौघं. ड्रमवर फरशीवाला, तो खरंच फरशा बसवतो. बेसवर चष्मा, जो महिन्यातून चार शब्द बोलतो. आणि गायला मास्तर. हा बालवाडीत शिकवतो. तीस पोरांची नाकं पुसून, त्यांना 'हळू, हळू, पडाल' असं सांगून हा संध्याकाळी आमच्याकडे येतो, कोमट पाणी पितो आणि डोळे मिटून अशी डरकाळी फोडतो की खालच्या मजल्यावरचं कुत्रं पलंगाखाली जातं. इतका सालस माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सराव आमच्याच घरी, मागच्या खोलीत. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात. गाणी मास्तर लिहायचा. एकदा आत्या त्या खोलीत झाडायला आली आणि गादीला टाचलेला कागद तिने वाचला. मग झाडू हातात तसाच धरून बाहेर आली. आम्ही चौघं चहा घेत होतो.

"'डाव्या कुशीतून यकृत उपसले, गजभर आतडे गळ्यात घातले.' हे कोणी लिहिलंय?"

मास्तरने हात वर केला, अगदी त्याच्या वर्गातल्या पोरासारखा.

"यकृत उजवीकडे असतं. डावीकडे प्लीहा. आणि उपसायला ती काय विहीर आहे? आधी बंध कापावे लागतात. आतडं गजभर म्हणे. वीस फूट असतं ते. भीती घालायला निघालात आणि लिहिताना चिक्कूपणा करता?"

फरशीवाल्याला चहा नाकातून आला. मला मात्र राग आला, कारण ती बरोबर होती. आमची तीन गाणी त्या डाव्या यकृतावर उभी होती आणि एकाही ऐकणाऱ्याने आजवर चूक काढली नव्हती. आत्याने झाडू ठेवला, कागद मागितला आणि उभ्याउभ्याच दुरुस्त्या केल्या. कवटी कापताना धूर काढू नका, बारीक भुकटी उडते, जळक्या केसांचा वास येतो, तो लिहा. सडलेलं बोट काळं पडतं, पण कडेला आधी हिरवट रेघ दिसते, ती लिहा. मास्तर पेन घेऊन भराभर उतरवत होता.

त्यानंतर गाणी तीच लिहू लागली. दीड वर्षात सात. पित्ताशयातल्या खड्यांवर एक, गँगरीनवर एक, भुलीतून अर्धवट जाग्या झालेल्या माणसावर एक, जे वाचून चष्म्याने महिन्याचे चारही शब्द एका दमात खर्च केले. लिहिताना ती ओट्याशी उभी असायची, बसून नाही. एवढं भयंकर लिहून झालं की तिच्या चेहऱ्यावर दहा मिनिटं जरा निवांतपणा दिसायचा. मग परत चिमटे, परत कडी. मी म्हणायचे, आत्या, बस गं जरा, तुझ्याकडे बघून मला दम लागतो. ती म्हणायची, तू तुझं बघ.

अजून एक खूळ होतं तिचं. उशांचे अभ्रे. दोन गल्ल्या सोडून एक शिवणवाल्या बाई आहेत, त्यांच्याकडे ही दर दोन-तीन महिन्यांनी जाऊन अभ्रे शिवून आणायची. घरात आम्ही दोघी आणि उशा चार. कपाट उघडलं की अभ्रे अंगावर यायचे. विचारलं तर म्हणायची, लागतात. मी कपाळावर हात मारायचे आणि सोडून द्यायचे.

आणि मग हे गाणं आलं. दुपारची वेळ होती, मी मशीनवर चावी कापत होते. आत्या दुकानात आली, चार घड्या घातलेला कागद काउंटरवर ठेवला आणि न बोलता निघून गेली. उघडून बघितलं.

नऊ मोजले, दहा लिहिले,
घाईत माझे पोट शिवले.
आत राहिले पांढरे कापड,
पू पिऊन झाले जड.

पुढे अजून तीन कडवी होती. ताप, वास, रात्री पोटावर हात ठेवून झोपणं, आणि 'काही नाही झालं तुला' असं म्हणणारे लोक. ही बाई म्हातारपणी काय लिहून गेली, असं वाटलं. अंगावर काटा आला आणि त्याच क्षणी बोटं शिवशिवायला लागली, हे कबूल करते. ती चावी मी वाकडी कापली.

रिफ त्याच संध्याकाळी सुचला. नऊ ठोके, दाबलेले, एकाच जाड तारेवर, आणि दहाव्याच्या जागी काही नाही. नुसती पोकळी. मग परत नऊ. ऐकणारा मान हलवायला लागतो आणि दहाव्याला त्याचा पाय घसरतो. फरशीवाला म्हणाला, ती जागा मी ड्रमने भरतो. मी म्हटलं, भरलीस तर काठी मोडीन. मास्तरला आकडे फारच छोटे वाटत होते. 'शंभर मोजले' म्हटलं तर जास्त भीषण वाटेल, असं त्याने अगदी नम्रपणे सुचवलं. आत्या दारातच उभी होती.

"नऊ आणि दहा," ती म्हणाली. "यातलं एक अक्षर हलवायचं नाही. हलवायचं असेल तर कागद परत द्या."

तिचा असा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. मास्तरने मान डोलावली.

महिन्याभराने एका जुन्या गोदामात कार्यक्रम होता. रविवार, दुपारी तीनला. दीडशे-दोनशे पोरं-पोरी, काळे कपडे, घामाचा वास. आत्या आमच्या कार्यक्रमाला कधी येत नसे. त्या दिवशी आली. कानात कापसाचे बोळे घालून भिंतीला टेकून उभी राहिली. मास्तरने 'नऊ मोजले' अशी डरकाळी दिली, मी रिफ सुरू केला, आणि सबंध गोदाम हललं. खोटं कशाला बोलू, आयुष्यात मी इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं. दुसऱ्या फेरीला पोरांना ती दहावी जागा कळली आणि सगळे एकदम थांबायला लागले. दोनशे माणसं एका ठोक्यापुरती गप्प. मी आत्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. ती सगळे शब्द म्हणत होती, आणि रडत होती.

संपल्यावर ती गोदामामागच्या अंगणात सापडली. येरझाऱ्या घालत होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"कोणाला काही कळलं नाही," ती म्हणाली.

"कशाचं?"

"शब्दांचं. दोनशे माणसांत एकालाही कळलं नाही."

"आत्या, ते डेथ मेटल आहे. कळत नाहीच कोणाला."

"म्हणून तर तुम्हाला दिलं होतं. वाटलं, एवढ्या लोकांसमोर बोलल्यासारखंही होईल आणि कोणाला कळणारही नाही. मोकळं वाटेल म्हटलं." तिच्या येरझाऱ्या थांबल्या. "नाही वाटलं गं. काहीच नाही वाटलं."

मग तिथेच, पाण्याच्या टाकीला टेकून तिने सांगितलं.

ऑपरेशनच्या वेळी रक्त टिपायला मॉप वापरतात, जाड पांढरी चौकोनी कापडं. पोट शिवायच्या आधी ती मोजायची असतात. जेवढी उघडली तेवढी बाहेर यायला हवीत. एक नर्स मोजून फळ्यावर लिहिते, दुसरी पडताळून बघते, दोघींनी मोठ्याने 'बरोबर' म्हटल्याशिवाय डॉक्टर टाका घालत नाहीत. बावीस वर्षांपूर्वी एका बाईचं घाईचं ऑपरेशन होतं. दहा मॉप उघडले होते. आत्याने मोजले, नऊ भरले. पुन्हा मोजले, नऊ. बादली पालथी केली, टेबलाखाली पाहिलं, नऊच. बाईंचा रक्तदाब उतरत होता, भूलवाले घाई करत होते, बाहेर दुसरा पेशंट ताटकळत होता. मोठे डॉक्टर म्हणाले, "दहा आहेत. लिही." आत्याने दहा लिहिले. आणि 'बरोबर' म्हणाली. तिच्यामागून दुसरीही म्हणाली.

सात महिन्यांनी त्याच बाई परत आल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी पोट उघडलं. मॉप बाहेर आला तेव्हा ट्रे आत्याच्याच हातात होता. वीतभर आतडंही कापावं लागलं. नातेवाइकांना सांगितलं, गाठ होती. कागदावरही गाठच लिहिली. ते मोठे डॉक्टर आता हयात नाहीत, हॉस्पिटलच्या जिन्यात त्यांचा फोटो लावलाय.

"आणि त्या बाई?" मी विचारलं.

आत्या परत येरझाऱ्या घालायला लागली. मग मला अभ्र्यांचं कपाट आठवलं, आणि माझं डोकं फिरलं.

"शिवणवाल्या बाई? त्या? आत्या, तू वीस वर्षं त्यांच्याकडून अभ्रे शिवून घेतेस?"

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. तुला लाज कशी नाही वाटली, इथपासून सुरुवात होती. तू नवखी नव्हतीस, सोळा वर्षं नोकरी झाली होती तुझी, म्हटलं. नाही लिहीत म्हणाली असतीस तर काय फाशी दिलं असतं?

"नोकरीवरून काढलं असतं," ती म्हणाली. "मोठ्या डॉक्टरांशी वाकडं घेतलेल्या दोघींना काढलं होतं त्या वर्षी. आणि त्याच वर्षी तुला आणलं होतं मी. महिना पण झाला नव्हता." मग लगेच म्हणाली, "तुला मध्ये आणणार नव्हते. तू विचारलंस म्हणून."

माझा राग गेला नाही, उलट आता तो कोणावर काढायचा तेच कळेना. मी गिटार उचलली आणि तिला न घेता चालत घरी आले.

दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मी कपाटातले अभ्रे जमिनीवर काढले. एकशे एकतीस निघाले. सगळे पांढरे, चारी बाजूंनी बारीक दुमडून शिवलेले. आत्या दारात आली, बघितलं आणि निघून गेली. त्या दोन दिवसांत तिने काहीही मोजलं नाही. नुसती फिरत होती, ह्या खोलीतून त्या खोलीत. मला ते चिमटे मोजणं परवडलं असतं असं वाटलं.

पुढच्या रविवारी ते गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं होतं. मंगळवारी मी बाकीच्यांना बोलावून सगळं सांगितलं. फरशीवाला म्हणाला, नाव कुठे घेतलंय आपण, कोणाला कळणार? मास्तरचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी त्यांच्या आतड्यावर घसा ताणत होतो," तो म्हणाला. "आणि मला मजा येत होती." मग म्हणाला, "त्यांना विचारल्याशिवाय मी हे गाणार नाही."

मी आत्याला तेच सांगितलं, पण माझ्या पद्धतीने. म्हटलं, जोवर तू त्या बाईंना सांगत नाहीस तोवर हे गाणं माझ्या हातून वाजणार नाही, आणि तू लिहिलेलं दुसरं कुठलंही वाजणार नाही. ती ओट्याशी उभी होती. पाठ माझ्याकडे.

"त्या मला चांगली समजतात," ती म्हणाली. "मी त्यांचा हात धरला होता दुसऱ्या वेळी, भूल देताना. अजून आठवण काढतात. दुकानात गेले की खुर्ची पुढे करतात." तिने ओटा पुसायला घेतला. "मला त्या खुर्चीत बसता येत नाही गं."

मी जवळ गेले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. खूप राग होता, तरी ठेवला.

"गुरुवारी दुकान बंद असतं माझं," मी म्हटलं. "मी येते."

ते गाणं आम्ही रविवारी रेकॉर्ड केलं नाही, हे इथेच सांगून टाकते. शिवणवाल्या बाईंकडे तो विषय निघालाच नाही. गुरुवारी मी मनात वाक्यं जुळवून गेले होते, आमचं एक गाणं आहे, तुमची हरकत नसेल तर, वगैरे. त्यातला एक शब्दही तोंडातून निघाला नाही, आणि नाही निघाला तेच बरं झालं.

त्या दुपारी आत्या त्या दुकानावरून तीनदा पुढे गेली. तिसऱ्या वेळी मी तिला दंड धरून वळवलं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे शिवणाचं मशीन, त्याला लागून कापायचं टेबल, मागे शिवणवाल्या बाईंचे यजमान इस्त्री करत उभे. साठीच्या पुढचे, ताठ, कानामागे ऐकू येण्याचं मशीन लावलेलं. बाई एका पँटची खालची पट्टी उसवत होत्या. तोंडात दोन टाचण्या.

"या सिस्टर," त्यांनी टाचण्या काढल्या. "परत अभ्रे? आता घरात माणसं वाढवा जरा." त्या हसल्या आणि खुर्ची पुढे केली.

आत्या बसली नाही. पर्समधून कागद काढून तिने टेबलावर ठेवला. सगळं लिहून आणलं होतं, तारखेसकट, खाली सही करून. पण तो वाचायला न देता उभ्यानेच बोलायला लागली. गोल गोल बोलली नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. दहा उघडले होते. नऊ मिळाले. मला दहा लिही म्हणाले, मी लिहिले. मला माहीत होतं. सात महिन्यांनी बाहेर काढलं तेव्हाही मला माहीत होतं. गाठ नव्हती. माझी चूक आहे. तुम्हाला तक्रार करायची असेल तर हा कागद द्या, मी कुठेही येऊन सांगेन.

बाईंचे हात उसवत राहिले. पट्टी संपली तरी त्या दोरा ओढत होत्या. मग म्हणाल्या, "गाठ नव्हती."

"नाही."

"कापड होतं."

"हो."

"केवढं?"

आत्याने हात पसरून दाखवलं. बाईंनी टेबलाखालच्या चिंध्यांतून एक पांढरा तुकडा काढला, गळ्यातली टेप लावून मोजला, कात्रीने चौकोनी कापला आणि पुढे धरला. "एवढं?"

"एवढंच. जाड होतं. चार पदरी."

"कडा शिवलेल्या होत्या?"

"हो. चारी बाजूंनी. आणि एका कोपऱ्याला नाडी."

बाईंनी त्या तुकड्याला घडी घातली, आणखी एक घातली, आणि पोटावर, डाव्या बाजूला खाली धरून पाहिला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. आमच्या गाण्यांत आम्ही हजार पोटं फाडली असतील, आणि इथे एका बाईने चिंधी पोटाशी धरली तर मला तिकडे बघवेना.

"इथेच दुखायचं," त्या म्हणाल्या. "बोट ठेवून दाखवायचे मी सगळ्यांना. सासूबाई म्हणायच्या, कामाला नको म्हणून हिची नाटकं. तपासायला गेले तर झोपेच्या गोळ्या दिल्या. मनाचा आजार म्हणे. आणि हे..." त्यांनी मागे न बघता मान हलवली. "हे आख्खी गल्ली ऐकेल असं ओरडायचे, ढोंगी आहे म्हणून. नंतर गाठ निघाली तर म्हणाले, गाठी सगळ्यांनाच होतात, त्याचं एवढं कोणी अवडंबर माजवत नाही. इतकं ऐकलं सिस्टर, की मलाच वाटायला लागलं. मीच आळशी असेन. थोडं दुखत असेल, मीच वाढवून सांगत असेन. अजून कुठे दुखलं तर मी बोलत नाही."

आत्या म्हणाली, "तुम्ही वाढवून सांगत नव्हता."

"मला माफी वगैरे मागू नका," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, पण मान लाल झाली होती. "ते मी नंतर बघेन. देईन की नाही माहीत नाही. कागद राहू दे इथेच." त्यांनी तो उचलून मशीनच्या खणात टाकला. मग उठल्या, मागे गेल्या, इस्त्रीचं बटण बंद केलं आणि यजमानांची बाही धरून त्यांना पुढे आणलं. त्यांना काय चाललंय काही कळत नव्हतं. हातात कोणाचा तरी अर्धा इस्त्री केलेला शर्ट तसाच होता.

"यांना सांगा," बाई म्हणाल्या. "मला सांगितलंत तेच. पहिल्यापासून."

आत्याने सांगितलं. यजमानांनी डोळे बारीक केले. "काय म्हणतात ह्या?"

"मोठ्याने सांगा. डाव्या कानात. उजव्याने अजिबात येत नाही त्यांना."

आत्या पुढे झाली. परत सांगितलं. त्यांना 'ऑपरेशन' एवढंच ऐकू आलं. "कोणाचं ऑपरेशन?"

"अजून मोठ्याने," बाई म्हणाल्या. "गल्लीत ऐकू गेलं तरी चालेल. त्या वेळचं पण गेलं होतं."

आणि माझी आत्या, जिने मला बावीस वर्षांत एकदाही आवाज चढवून हाक मारली नाही, ती त्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन पोटातून ओरडली. तुमच्या बायकोच्या पोटात कापड राहिलं होतं. हॉस्पिटलने ठेवलं. मी ठेवलं. सात महिने ते आत सडत होतं. तिला दुखत होतं. ती खरं बोलत होती. एकेक शब्द सुटा, स्वच्छ. रस्त्यावरून जाणारे दोघं थांबले. समोरच्या चहावाल्याने मान वळवली. आत्याचा श्वास पुरत नव्हता, तरी ती शेवटपर्यंत बोलली.

या वेळी त्यांना ऐकू आलं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते कळलं. त्यांनी हातातल्या शर्टाकडे बघितलं. मग तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि बायकोकडे पाहिलं.

"खरंच दुखत होतं तुला?"

"सात महिने," बाई म्हणाल्या. "रोज सांगत होते."